खोडदची तार
नारायणगावाजवळ खोडद परिसरात १९९०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या चमूने रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या केल्या. पत्र्याऐवजी त्यांनी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी ताणली. वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. देखणी युक्ती!

तारेची खरी परीक्षा चिवटपणाची. १८७५ साली विल्यम जॉन्सन यांनी दाखवलं, की आम्लात बुडवलेली लोखंडी तार वाकवताच तुटते आणि तुटलेलं टोक ओलं केलं की त्यातून बुडबुडे निघतात. आम्लातला हायड्रोजन धातूत शिरलेला असतो. तार काही काळ ठेवली, की वायू निघून जातो, चिवटपणा परततो.

खोडदची जाळी अवकाशातल्या याच हायड्रोजनचेही रेडिओ संकेत टिपते. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या अशा संकेताची नोंद जानेवारी २०२३मध्ये जाहीर झाली.