यंत्रांचं बारसं

कॉलेजच्या लॅबमध्ये तीस नवे कॉम्प्युटर येतात. प्रत्येकावर वेगळं लिनक्स टाकत बसायला वेळ कुणाला असतो? मग एक कॉम्प्युटर नीट तयार करायचा आणि क्लोनझिलासारख्या साधनाने त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत उरलेल्यांवर उतरवायची. काम झटपट होतं, पण तिसांचंही नाव एकच राहतं. दूरवरून एखाद्यात लॉगिन केलं की कळत नाही, आपण नेमके कुणाच्या घरात शिरलोय. अशा वेळी दिलेली एक चुकीची कमांड भलत्याच कुणाचं काम पुसून टाकू शकते.

नावांचा हा घोळ नेटवर्कइतकाच जुना आहे.

इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट १९६९ साली अमेरिकेत सुरू झालं. सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी इतरांच्या यंत्रांची यादी आपापली ठेवली जायची आणि ती बहुधा शिळी झालेली असायची. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ या टिपणात हा प्रकार थांबवून सर्वांसाठी एकच अधिकृत यादी असावी, असं सुचवलं. पुढे 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल म्हणजे अख्ख्या नेटवर्कची जन्मनोंद वही झाली. ती सांभाळायचं काम कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राकडे होतं. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं यंत्र जोडायचं, तर नाव त्यांच्याकडे नोंदवायचं. एकाच नावाची दोन यंत्रं होऊ नयेत, याची काळजी घ्यायला तिथे माणसं होती.

पण यंत्रं वाढत गेली, यादी लांबत गेली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. युक्ती आपल्या ओळखीची आहे. गावात दहा गणेश असले तरी आडनाव लावलं की गोंधळ होत नाही. प्रत्येक संस्थेला स्वतःचं 'आडनाव' मिळालं आणि त्याआधीचं नाव ठरवायचा हक्कही. त्याबरोबर एक जबाबदारीही आली: घरातल्या घरात नावं वेगळी ठेवणं. ते तपासणारी मध्यवर्ती कचेरी आता उरली नव्हती.

नावं कशी ठेवावीत, यावर १९९० साली डॉन लिब्स यांनी आरएफसी ११७८ हे टिपणच लिहिलं. यंत्राला स्वतःचं नाव देऊ नका, असा त्यातला एक सल्ला आहे.

क्लोन केलेल्या लॅबमध्ये हीच घरची जबाबदारी राहून गेलेली असते. आजच्या बहुतेक लिनक्सवर 'होस्टनेमसीटीएल' या कमांडने नाव क्षणात बदलतं. 'होस्ट्स' फाइलमध्ये जुनं नाव असेल, तर तेही बदलावं लागतं. पण ही झाली दारावरची पाटी. आत आणखी दोन ओळखी असतात. एक, 'मशीन-आयडी' हा ३२ अक्षरांचा क्रमांक. तो दोघांचा सारखा असला, तर काही व्यवस्थांमध्ये राउटर दोघांना एकच आयपी पत्ता देऊ पाहतो. दुसरी, एसएसएचची गुप्त किल्ली. ती तिसांकडे एकच असेल, तर एका कॉम्प्युटरवर पूर्ण ताबा मिळवणारा बाकी एकोणतिसांचं सोंग घेऊ शकतो.

म्हणून क्लोन करण्याआधीच मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी. मग प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा क्रमांक तयार करतं. एसएसएचच्या किल्ल्याही प्रत्येकावर नव्याने बनवाव्यात.

फाइनलर यांच्या वहीची वंशज असलेली 'होस्ट्स' फाइल आजही प्रत्येक लिनक्सवर असते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे, कारण त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. तिच्यात सहसा दोनच ओळी असतात, आणि दोन्ही 'मी स्वतः' एवढंच सांगतात. बाकी जगाची नावं आता डीएनएस सांगतं. आपल्या घरातली मात्र आपणच ठेवायची.