खाडा आणि त्याचे कारण

मुंबईच्या कापडगिरणीत न सांगता घरी राहणे म्हणजे ‘खाडा’. त्याचे कारण पटले की नाही, हे बराच काळ जॉबर ठरवी. साच्यावर माणूस हवाच. म्हणून फाटकाशी बदली कामगार उभे असत आणि जॉबर त्यांतलाच एक आत घेई. कोकणातल्या घरी कुणी दगावले, पेरणी अडली किंवा स्वतःला ताप आला, तरी परतल्यावर जुनी जागा मिळणे हे कारणापेक्षा जॉबरच्या मर्जीवर, पुष्कळदा त्याच्या हातावर ठेवलेल्या पैशांवर अवलंबून असे. ही मर्जी आवरण्यासाठी गिरणीमालक संघाने १९३५मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली.

१९४८च्या कारखाने कायद्यातले रजेचे प्रकरण १९५४मध्ये नव्याने लिहिले गेले. भरपगारी रजेसाठी सर्वसाधारणपणे पंधरा दिवस आधी अर्ज हवा, असे त्यातले कलम ७९ कायदा २०२५मध्ये रद्द होईपर्यंत सांगत असे. मुदतीच्या या अटीतून सूट होती ती आजारपणाला. तेव्हा शिल्लक रजा द्यावीच लागे. मयतीचा उल्लेख तिथे नव्हता. मरण पंधरा दिवस आधी कळवून येत नाही. त्यामुळे गावाहून आलेली तार घेऊन कुणाच्या तरी मर्जीपुढे उभे राहणे कायद्यानंतरही संपले नाही.