प्रेरणादायी स्त्रीग्रंथ : बेळगाव–निपाणी सीमाभाग

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातील मराठी वाचकांना जवळची असलेली, स्त्रियांनी लिहिलेली आणि वाचणाऱ्याला उभारी देणारी पुस्तके. यांत आत्मकथने, ललित गद्य, अनुभवकथा, ओव्यांचे संकलन आणि अनुवाद येतात. यशाची सूत्रे सांगणारी पुस्तके या भागातही खपतात. परंतु या नोंदीचा विषय झालेल्या बहुतेक लेखिकांनी सूत्रे सांगितली नाहीत. आपल्यावर काय ओढवले आणि आपण त्यातून कसे निभावलो, एवढेच त्यांनी नीट लिहून ठेवले. त्यांच्या पुस्तकांचे बळ त्यातच आहे.

स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या उघड बोधपर पुस्तकाचे मराठीतील महत्त्वाचे आरंभीचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२). रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील सह्याद्रीत, गंगामूळ येथे झाला. आईवडील आणि पुढे भाऊ गमावल्यावर, वैधव्यही आल्यावर त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हे पुस्तकही छापले. स्त्रीने स्वतःच्या बळावर उभे राहावे, विद्या मिळवावी, घर आणि मुले डोळसपणे सांभाळावी, असा त्याचा रोख आहे. भाषा संस्कृतप्रचुर आहे. पतीशी वागण्याविषयीचा उपदेशही आजच्या वाचकाला जुना वाटेल. तरीही पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा रमाबाईंच्या १८८३ मधील इंग्लंड प्रवासाला उपयोगी पडला, म्हणजे स्वावलंबनाचा पाठ लेखिकेने स्वतःच आधी गिरवला. पुढे अमेरिकेत असताना इंग्रजीत लिहिलेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील पुस्तकाने (१८८७) त्यांनी शारदा सदनासाठी पाठबळ उभे केले. १८८९ मध्ये हे सदन मुंबईत सुरू झाले.

सीमाभागाचे स्वतःचे नाव म्हणजे इंदिरा संत (१९१४–२०००). जन्म विजापूर जिल्ह्यातील इंडीचा. बालपण निपाणीजवळच्या तवंदीत गेले, शिक्षण कोल्हापूर आणि पुणे येथे झाले, आणि पुढचे आयुष्य बेळगावात. पती ना. मा. संत १९४६ मध्ये वारले तेव्हा मुले लहान होती. इंदिराबाईंनी बेळगावच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात नोकरी केली आणि पुढे त्या तिथे प्राचार्य झाल्या. ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५) पासून ‘गर्भरेशीम’ (१९८२) पर्यंतच्या संग्रहांनी त्यांना मराठी कवितेत अढळ स्थान दिले. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवितेत त्या एकटेपणाविषयी बोलतात, म्हणून त्यांना दुःखाच्या कवयित्री म्हणून बाजूला काढण्याची सवय समीक्षेला लागली. ही ओळख अपुरी आहे. घर चालवणारी, शिकवणारी, शिक्षक घडवणारी ही बाई अनेक दशके लिहीत राहिली, हे विसरून तिची कविता वाचता येत नाही. ‘मृद्गंध’ आणि ‘फुलवेल’ हे त्यांचे गद्य या दृष्टीने विशेष वाचनीय आहे.

त्यांच्या ‘मालनगाथा’चा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी इथे एकत्र मांडल्या आहेत. पहाटे जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असत. एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुढे न्यायची, आणि पीठ पडता पडता माहेर, भाऊ, सासू, देव असे सारे बोलून व्हायचे. ज्या बाईला पाटीवर अक्षर गिरवायलाही मिळाले नाही, तिने स्वतःला दिलेला धीर या ओव्यांत आहे. त्या बाईला लेखिका म्हणून ओळख देण्याचे काम इंदिराबाईंनी केले, आणि या विषयाच्या कोणत्याही यादीत ‘मालनगाथा’ वरच्या जागी यायला हवी.

माधवी देसाई (१९३३–२०१३) या भालजी पेंढारकरांच्या कन्या. पहिल्या पतीच्या निधनानंतर त्यांचा विवाह ‘स्वामी’कार रणजित देसाई यांच्याशी झाला. देसाईंचे कोवाड हे गाव चंदगड तालुक्यात, बेळगावपासून जवळच. हा संसार आणि त्यातून बाहेर पडणे यांविषयी त्यांनी ‘नाच गं घुमा’ हे आत्मकथन लिहिले. नावाजलेल्या माणसाच्या घरातली गोष्ट बाहेर आल्याने ते गाजले, वादही झाले. वाद आता मागे पडले आहेत. मध्यमवर्गीय घरात, चारचौघांत हसून बोलताना स्त्रीने किती गिळलेले असते, हे तपशिलाने सांगणारे पुस्तक म्हणून ते टिकले.

आज खूप वाचल्या जाणाऱ्या लेखिका म्हणजे सुधा मूर्ती (जन्म शिग्गाव). त्यांचे लेखन कन्नड व इंग्रजीत असले, तरी मराठी वाचकाला ते अनुवादातून घरचेच झाले आहे. या परिसराशी सर्वांत थेट जोडलेले पुस्तक ‘तीन हजार टाके’. मूळ इंग्रजी पुस्तक २०१७ चे, अनुवाद लीना सोहोनी यांचा. शीर्षकलेख देवदासींविषयी आहे, आणि बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीची देवी यल्लम्मा या प्रश्नाच्या मध्यभागी आहे. मदत करायला गेलेल्या लेखिकेवर पहिल्या खेपेला चप्पल भिरकावली जाते, नंतर टोमॅटो. वडील सांगतात, साडी नेस, कुंकू लाव, त्यांना आपली वाटशील अशी जा. मग बोलणे सुरू होते. पुढे वर्षानुवर्षे काम चालते, मुलांच्या शिक्षणाची सोय होते, बायका स्वतःची बँक काढतात. शेवटी या बायका लेखिकेला एक गोधडी भेट देतात, तिच्यात तीन हजार जणींनी घातलेला एकेक टाका आहे. मूर्तींची शैली साधी, कधी फारच सरळसोट. काही लेखांत बोध उघडपणे येतो. या लेखात मात्र सुरुवातीचा अपमान त्यांनी लपवलेला नाही, म्हणून पुढचे यश विश्वासार्ह वाटते.

कन्नड–मराठी ये-जा सांभाळणाऱ्या अनुवादिका उमा कुलकर्णी बेळगावच्याच (जन्म १९५०). ‘वंशवृक्ष’ या कन्नड कादंबरीच्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. सुधा मूर्तींची ‘डॉलर बहू’ त्यांनीच मराठीत आणली. कन्नड लिपी न वाचताही पती विरुपाक्ष यांच्याकडून मजकूर ऐकून अनुवाद करण्याची त्यांची पद्धत ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात कळते. अडचण आहे म्हणून काम थांबवायचे नसते, हे त्या न सांगता दाखवतात.

निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांचे जग मराठीत मुख्यतः पुरुष लेखकांनी आणले. त्यात निपाणीचे महादेव मोरे अग्रभागी. देवदासींविषयी राजन गवस यांची ‘चौंडकं’ (१९८५) ही कादंबरी आहे. ही पुस्तके मोलाची आहेत, पण त्या बायकांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टीची जागा ती घेऊ शकत नाहीत. शांताबाई कांबळे, बेबी कांबळे आणि पुढे ऊर्मिला पवार यांनी महाराष्ट्रात आत्मकथने लिहून जे केले, ते वखारीतल्या बाईनेही करावे, अशी अपेक्षा धरायला हरकत नाही. पुस्तके वाचकापर्यंत पोचवणाऱ्या जागा इथे आहेत : बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात.