कलमदानांतील मिटते चाकू आणि त्यांचे खटके

जुन्या घराण्यांचीं दप्तरें चाळतांना संशोधकाची दृष्टि कागदावर खिळते, हें साहजिक आहे. शिक्का, मोर्तब, तारीख, अक्षराचें वळण, कागदाची जात या सर्वांची चौकशी होते. परंतु त्याच रुमालाबरोबर निघालेलें कलमदान आणि त्या कलमदानांतील चाकू यांची गणना अडगळींत होते. फार झालें तर "जुना चाकू, नग एक" एवढी नोंद यादींत पडते, व कागद ज्या शतकाचे त्याच शतकांत चाकूहि बसविला जातो. पुढें हाच चाकू दुसऱ्या एखाद्या बिनतारखेच्या कागदास साक्षीदार म्हणून उभा करण्यांत येतो. पहिली चूक आळसाची, दुसरी तिच्यांतून निपजलेली; आणि दोहोंमुळें खोटा काल खऱ्या कागदांस चिकटतो.

आम्ही स्वतः या चुकींतून गेलों आहों. एका कलमदानांतील मिटता चाकू, सोबतच्या मोडी कागदांवर विसंबून, आम्हीं पेशवाईच्या अखेरचा धरला होता. पुढें पात्याच्या मुळाशीं साचलेला मळ अलगद निघाला, तेव्हां खालीं रोमन लिपींत 'जर्मनी' हें देशनाम ठसविलेलें दिसलें. तेव्हांपासून चाकूची साक्ष चाकूकडूनच घ्यावी, असा आमचा नेम आहे. ही साक्ष पात्यापेक्षां सांध्यांत, म्हणजे उघडलेलें पातें धरून ठेवणाऱ्या युक्तींत, अधिक स्पष्ट असते. त्या युक्तींची तुलना येथें करावयाची आहे.

हा विचार नांदेड व लातूर या जिल्ह्यांपुरता करण्यास कारण आहे. गोदातीरींचें नांदेड हें विद्येचें जुनें स्थान. काशींत व्याकरणशास्त्रासाठीं नांवाजलेलें शेष कुल मूळचें येथलेंच. माहूर हें दत्तभक्तांचें व महानुभावांचें क्षेत्र. कंधार, औसा व उदगीर येथील किल्ल्यांच्या आश्रयानें फारसी व मराठी असा दुहेरी लेखनव्यवहार चाले. निजामी राज्यांत १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू आली, तरी देशमुख-देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरांतील मोडी लेखन थांबलें नाहीं. अशा स्थितींत एकाच घरीं दोन लिप्यांच्या लेखण्या व त्या तासण्याचीं हत्यारें सांपडलीं, तर तें नवल नव्हे.

दुसरें कारण दुःखाचें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत झालेल्या भूकंपानें हजारों माणसें दगावलीं, आणि औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतील दगडमातीचे जुने वाडे ढासळले. गांवें नव्या जागीं वसलीं. ढिगाऱ्यांतून जें निघालें तें कोणत्या खोलींतलें, कोणत्या पेटींतलें, हें सांगण्यास कित्येक घरीं माणूसच उरला नाहीं. अशा वस्तूंना आतां स्थानाची साक्ष नाहीं. त्यांच्या घडणींतून जें वाचतां येईल तेवढाच त्यांचा इतिहास. शिवाय लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेपासून वेगळा झाला असून उदगीर, अहमदपूर व निलंगा हा भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत मोडत होता. जुन्या यादींत 'बीदर जिल्हा' असें लिहिलेलें दिसल्यास ती वस्तु आजच्या लातुरांतील असूं शकते, हेंहि संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. बोरूची लेखणी रोज तासावी लागे. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे, यावरून या कामाची योग्यता कळते. फारसी लेखकाचें याकरितां खास हत्यार म्हणजे कलमतराश. हें लहान, अरुंद पात्याचें व लांबट मुठीचें असे आणि बहुधा मिटत नसे. त्याचें कारण लेखणीच्या शेवटच्या छेदांत आहे. बोरू तासून झाल्यावर त्याचें टोक हाडाच्या वा हस्तिदंताच्या पट्टीवर ठेवीत, त्यावर पातें आडवें लावीत आणि एकाच दाबांत टोक छाटीत. त्या क्षणीं पातें केसभर जरी डावें-उजवें हललें तरी टोक फाटतें व अक्षराची कड खरबरीत उठते. मिटत्या चाकूच्या सांध्यांत कितीहि म्हटलें तरी थोडी ढिलाई असतेच. म्हणून कसलेला लेखक अचल पात्यास पसंती देई. तेव्हां जुन्या कलमदानांत न मिटणारी छोटी सुरी मिळाली, तर ती मोडक्या चाकूचा तुकडा समजून टाकून देऊं नये. तीच त्या पेटीची मूळ मालकीण असण्याचा संभव अधिक.

मिटत्या चाकूंचे, सांध्याच्या दृष्टीनें, मुख्य पांच वर्ग पडतात.

पहिला वर्ग निखळ घर्षणाचा. यांत कमान नाहीं, खटका नाहीं. पातें एका खिळ्यावर फिरतें आणि खिळा जितका आवळलेला तितकें तें घट्ट राहतें. ही सर्वांत जुनी रीत होय. युरोपांत ऑस्ट्रियांतील हालश्टाटच्या काळापासून, म्हणजे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासपासून, असे चाकू सांपडतात. आपल्याकडे या तत्त्वाचें घरोघर ठाऊक असलेलें उदाहरण म्हणजे न्हाव्याच्या धोपटींतील वस्तरा. वस्तऱ्यास मागें शेपटी असते. ती बोटानें दाबून धरली म्हणजे पातें मिटत नाहीं. येथें वापरणाराचें बोट हाच खटका. जपानांतील मिकी गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेला 'हिगोनोकामी' नांवाचा चाकू याच न्यायानें चालतो. त्याची शेपटी आंगठ्याखालीं राहते. असा सांधा साधा लोहारहि करूं शकतो, म्हणून यावरून काल ठरवितां येत नाहीं.

दुसरा वर्ग पाठकमानीचा. मुठीच्या पाठीशीं पोलादाची पट्टी कमानीसारखी बसविलेली असते व ती पात्याच्या मुळावर सतत दाब देते. मुळाला दोन सपाट बाजू असतात: एक उघड्या स्थितीची, दुसरी मिटल्या स्थितीची. पातें फिरवितांना मुळाचा कोपरा कमानीस उचलतो. कोपरा ओलांडला कीं कमान खालीं बसते आणि 'टक्' असा आवाज होतो. या आवाजामुळें पुष्कळांस येथें खटका आहे असा भ्रम होतो. वस्तुतः हा खटका नव्हे. पाठीवर जोर दिला तर पातें पुन्हा मिटतें. कमान केवळ विरोध करते, अडवीत नाहीं. ही रीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडांत, विशेषतः शेफील्डच्या कारागिरांत, रुळली.

तिसरा वर्ग वळ्याचा. मुठीच्या तोंडाशीं धातूचें वळें असतें. त्याला एक फट असते. फट पात्यासमोर आणली तर पातें मिटतें, वळें फिरविलें तर मार्ग बंद होतो. फ्रान्सांतील नोंत्रों गांवचे लांकडी मुठीचे चाकू या जातीचे. सावोआ प्रांतांतील ओपिनेल घराण्याचा चाकू १८९० पासूनचा. परंतु त्याचें फिरतें वळें १९५५ सालचें आहे. एकाच नांवाचा चाकू असूनहि वळें आहे कीं नाहीं यावरून काल निराळा ठरतो, याचें हें चांगलें उदाहरण होय.

चौथा वर्ग खऱ्या खटक्याचा. यांत पाठीच्या पट्टींत खांच किंवा भोंक असतें आणि पात्याच्या मुळावरील दांत त्यांत जाऊन बसतो. पट्टी उचलल्याखेरीज पातें मिटत नाहीं. त्यासाठीं कळ, कडी किंवा दाबण्याची जागा ठेवलेली असते. स्पेनांतील 'नव्हाहा' नामक मोठ्या चाकूच्या कांहीं प्रकारांत असे अनेक दांत असतात, व तो उघडतांना करकर वाजतो. उत्तर हिंदुस्थानांतील रामपुरी चाकू याच कुळांतला; आपल्याकडे ज्याला खटक्याचा चाकू म्हणतात तो हाच. पाठीवर दाबून सोडविण्याचा आधुनिक प्रकार अमेरिकेंतील बक कंपनीच्या १९६४ च्या चाकूनें जगभर पसरविला.

पांचवा वर्ग बाजूच्या पट्टीचा. मुठीच्या आंतील अस्तराची पट्टी पातें उघडतांच आडवी सरकते आणि मुळाच्या मागें टेकते. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत विजेचें काम करणारांच्या चाकूंत ही युक्ति दिसूं लागली, व १९८० नंतर तेथील मायकेल वॉकर या कारागिरानें तिला आजचें रूप दिलें. ही युक्ति असलेला चाकू पेशवाईंतला म्हणून कोणी पुढें करील, तर अधिक चौकशीची गरज नाहीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो: कलमदानांतील चाकूस खटक्याची गरज काय? बोरू तासतांना जोर धारेवर येतो, आणि तो जोर पात्यास मागें, म्हणजे अधिकच उघडण्याच्या दिशेनें रेटतो. तेथें मुळाची टेंकण पुरेशी असते. पातें मिटण्याचा धोका टोकानें भोंसकतांना, पाठीवर घाव पडतांना किंवा अडकलेलें पातें उपसतांना असतो. हीं कामें लेखकाचीं नव्हत. म्हणून लेखणीच्या चाकूस पाठकमान पुरते. खटका हा शिकारी, खलाशी, शेतकरी किंवा दंगेखोर यांच्या चाकूस लागतो. कलमदानांत खटक्याचा चाकू निघाल्यास तो तेथें मागाहून पडला, असें प्रथम गृहीत धरावें आणि उलट पुरावा मिळाल्यासच मत बदलावें.

नांदेडकडील खटक्याच्या चाकूंस 'शिकलगारी' म्हणून जुनेपण देण्याचा मोह होतो, त्याविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्यें नांदेडास निवर्तले. तेथील सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची इमारत १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंगाच्या आश्रयानें उभी राहिली. शस्त्रपूजेची परंपरा असलेल्या या गांवीं शिकलगारांची कारागिरी टिकली यांत आश्चर्य नाहीं. परंतु शिकलगार या शब्दाचा मूळ अर्थ शस्त्रास झिलई देणारा असा आहे, आणि कृपाण हें म्यानांत राहणारें हत्यार आहे. म्यानाच्या शस्त्रास सांधा नसतो. मिटत्या चाकूची मूठ हेंच त्याचें म्यान. या दोन निरनिराळ्या वंशावळी आहेत. शिकलगारानें मिटता चाकू घडविला नसेल असें नव्हे. पण केवळ नांदेडास मिळाला एवढ्यावरून त्यास गुरूंच्या काळाशीं जोडणें हा इतिहास नव्हे.

कालनिर्णयास सांध्याच्या जोडीला ठशांची मदत घ्यावी. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांस १८२२ मध्यें राजाचे चाकूकार ही पदवी मिळाली; त्यांच्या पात्यांवर तारा व माल्टी क्रूस हें चिन्ह असतें. मुगुटासह व्हिक्टोरिया राणीचीं आद्याक्षरें असल्यास तें पातें १८३७ पूर्वींचें असूं शकत नाहीं. व्यापारचिन्हांचा कायदा इंग्लंडांत १८८७ मध्यें व ब्रिटिश हिंदुस्थानांत १८८९ मध्यें झाला. त्यानंतर मालावर उत्पत्तीच्या देशाचें नांव घालण्याची चाल वाढली. न गंजणारें पोलाद शेफील्डांत १९१३ मध्यें निघालें. मुठीवरील सांबरशिंगावरून मात्र चाकू देशी ठरवूं नये. हिंदुस्थानांतील सांबरशिंगें शेफील्डासच जात आणि मुठी होऊन परत येत.

विलायती माल येथवर कसा आला हेंहि पाहावें. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडावरून सुरू झाला, आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्यें लातुरास पोंचली. त्यापूर्वीं येथें एकहि विलायती चाकू आला नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. हिंगोलीची छावणी नांदेडाहून फार दूर नव्हती. परंतु बाजारांत सहज मिळणारा पाठकमानीचा चाकू हा या दोन लोहमार्गांच्या काळांतला मानणें सुरक्षित आहे. याच काळांत पोलादी टाकानें बोरूस कचेरींतून हुसकलें होतें. म्हणजे ज्या चाकूस आपण दप्तराचा आरंभ समजतों, तो बहुधा त्याच्या शेवटच्या पिढीचा, मुलांचे कित्ते व पेन्सिली यांच्या वेळचा असतो. यांत त्याची योग्यता कमी होत नाहीं. त्या घरांत बोरू केव्हांपर्यंत तासला जात होता, हें सांगणारा तोच एक साक्षी आहे.

शेवटीं संग्राहकांस विनंति. गंजलेला चाकू बळानें उघडूं नये, पाठ पाहावी. पट्टी अखंड व सपाट असेल तर पाठकमान, तींत भोंक किंवा कळ असेल तर खटका, पट्टीच नसेल तर घर्षण समजावें. लिंबू, चिंच किंवा विटकर लावून पातें उजळूं नये. त्यानें ठसा जातो, आणि ठसा गेला कीं साक्ष गेली. गंजाचे डाग कागदास लागतात, म्हणून चाकू रुमालांतून वेगळा ठेवावा. पण तो कोणत्या गांवीं, कोणत्या रुमालाबरोबर, कोणाच्या हातून मिळाला, हें त्याच दिवशीं लिहून दोन्हीकडे चिठ्ठी लावावी. किल्लारीच्या ढिगाऱ्यांनीं ज्या चिठ्ठ्या नाहींशा केल्या त्या आपल्या हातून परत होणार नाहींत. ज्या अद्याप लिहितां येतात त्या न लिहिण्यास मात्र कोणतेंहि निमित्त पुरेसें नाहीं.