शिरढोण ते एडन : एका पुडक्याची सरहद्द

जुनें दप्तर चाळतांना कागद कोणत्या काळचा हें पाहिल्यावर तो कोठून निघाला व कोठें पोहोंचला, हें पाहण्याचा संशोधकांचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. परंतु 'कोठें' या प्रश्नाचें उत्तर आपण पुष्कळदां आजच्या नकाशावरून देतों, आणि चूक होते ती तेथेंच. या चुकीचें एक ठळक उदाहरण शिरढोण गांवाच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याच्या टापूंत असलेलें शिरढोण हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मग्राम. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. बंडाच्या आरोपावरून पुण्याच्या सेशन्स कोर्टानें १८७९ सालीं त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली, व जानेवारी १८८० मध्यें त्यांस जहाजानें एडनला नेण्यांत आलें. तेथील तुरुंगांतून ते एकदां निसटले, परंतु लौकरच पुन्हां धरले गेले. आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडन येथेंच त्यांचा अंत झाला. या तीन वर्षांत शिरढोणाहून एडनला एखादें पुडकें धाडलें असतें, तर तें परदेशीं गेलें असें म्हणावें काय?

आजच्या व्यवहाराप्रमाणें उत्तर सरळ आहे. एडन यमन देशांत असल्यामुळें आंत वस्तु कोणती, वजन किती, किंमत किती, हें जकातपत्रकांत नमूद करून पुडकें दोन राज्यांच्या जकातखात्यांच्या नजरेखालून न्यावें लागतें. १८८० सालीं स्थिति निराळी होती. कॅप्टन हेन्स यानें जानेवारी १८३९ मध्यें एडन काबीज केल्यापासून तें ठाणें मुंबई सरकारच्या अमलाखालीं होतें. तेथील टपालकचेरी हिंदुस्थानच्या टपालखात्याची, व तिकिटें राणीच्या मुखवट्याचीं, हिंदुस्थानचींच. पुडक्यांच्या टपालास त्या काळीं 'बंगी' म्हणत. कावडीनें ओझें वाहण्याच्या रीतीवरून तो शब्द रूढ झाला. अशी बंगी समुद्र ओलांडी, परंतु राज्याची हद्द ओलांडीत नसे. जकातीची गोष्ट मात्र वेगळी. एडन हें १८५० पासून खुलें बंदर होतें. तेव्हां राज्य एक असूनही मुंबईचा व एडनचा जकातीचा नियम एक नव्हता. राज्याची हद्द व जकातीची हद्द एकच असते असें गृहीत धरून चालत नाहीं, तें यासाठीं.

पुढें सरहद्दच सरकली. १९३२ सालीं एडन मुंबई इलाख्यांतून काढून थेट हिंदुस्थान सरकारकडे दिलें गेलें. १ एप्रिल १९३७ रोजीं तें हिंदुस्थानापासून तोडून निराळी वसाहत करण्यांत आली. ३० नोव्हेंबर १९६७ रोजीं तेथील इंग्रजी अंमल संपला, व १९९० सालीं दोन्ही यमन एक झाले. म्हणजे फडके यांच्या मृत्यूचें ठिकाण हिंदुस्थानाबाहेर गेलें तें त्यांच्यामागें ५४ वर्षांनीं. घरची हद्दही स्थिर राहिली नाहीं. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, तो पुढें कुलाब्यांत गेला, आणि १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. यास्तव फडके यांच्या हयातींतील शिरढोणाचे सरकारी कागद ठाणें जिल्ह्याच्या दप्तरांत शोधले पाहिजेत.

संग्राहकांच्या उपयोगाच्या कांहीं खुणा येथें देतों. तिकिटावर 'ईस्ट इंडिया' अशीं अक्षरें असल्यास तें १८८२ पूर्वींच्या छापाचें.  एडनच्या कचेरींत तिकीट रद्द करण्यास १२४ या अंकाचा, व पुढें बी-२२ असा शिक्का मारीत. गांवाचें नांव पुसलें असलें तरी या शिक्क्यावरून ठिकाण ओळखतां येतें. एडनचीं स्वतःचीं तिकिटें १ एप्रिल १९३७ रोजीं निघालीं. त्यांवर गलबताचें चित्र आहे. परंतु किंमत आण्यांत व रुपयांतच आहे, कारण रुपया तेथें १९५१ पर्यंत चालू होता. तेव्हां नाण्यावरून राज्य ठरवूं नये.

ब्रह्मदेशाचीही हीच कथा. तोही त्याच दिवशीं हिंदुस्थानापासून वेगळा झाला. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगांत असतां त्यांनीं पुण्याहून ग्रंथ मागविले व तेथें गीतारहस्य लिहिलें. त्या वह्या सुटकेनंतर सरकारनें परत केल्या, आणि १९१५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंडाले तेव्हां हिंदुस्थान सरकारच्याच राज्यांत असल्यामुळें ग्रंथांची व वह्यांची ही ने-आण परराज्याशीं झालेली म्हणतां येत नाहीं. तींत अडसर होता तो तुरुंगाच्या दाराचा.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. एडनचें पाकीट 'परदेशी टपाल' म्हणून निराळें बांधलें, कीं तें ज्या घराण्याच्या दप्तरांतून आलें त्यापासून तुटतें, व त्याचा जाब मुंबई सरकारच्या दप्तरांत शोधावा हें कोणास सुचत नाहीं. वस्तुतः एडनच्या कारभाराचे कागद मुंबईच्या दप्तरांत व लंडनच्या इंडिया ऑफिसच्या संग्रहांत आहेत, आणि संशोधकानें वळावयाचें तें तिकडेच. म्हणून प्रत्येक कागदावर टिपण करतांना आजचें राज्य लिहिण्यापूर्वीं त्या दिवसाचें राज्य लिहावें. संग्राहकांनीं आपापल्या संग्रहांतील एडनचीं व ब्रह्मदेशचीं १९३७ पूर्वींचीं पाकिटें व वेष्टणें या दृष्टीनें पुन्हां एकवार तपासावीं, अशी आमची विनंति आहे.