ज्याओझची कथा आणि मिरचीची साक्ष

उत्तर चीनमध्ये चांद्रवर्षाच्या अखेरच्या रात्री सारे कुटुंब एका परातीभोवती जमते. कोणी कणीक मळतो, कोणी पाऱ्या लाटतो, कोणी सारण भरून कडा दाबतो. मध्यरात्रीच्या सुमारास आधणातून बाहेर पडणारा हा पदार्थ म्हणजे ज्याओझ. आपल्या मुलांना आवडणाऱ्या मोमोचा नातलग. त्याच्या उगमाची जी कथा तिकडे घरोघर सांगतात, ती तपासून पाहण्याजोगी आहे असे आम्हांस वाटते.

हान राजवटीच्या उतरत्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, झांग झोंगजिंग नावाचे थोर वैद्य होऊन गेले. थंडीमुळे जडणाऱ्या ज्वरांवरील त्यांचा 'शांगहान लुन' हा ग्रंथ चिनी वैद्यकात आजही आधारभूत मानला जातो. कथा अशी की, ऐन हिवाळ्यात गावी परतताना त्यांना गारठ्याने कान सडलेले गरीब लोक दिसले. त्यांनी मेंढ्याचे मांस, मिरची व औषधी वनस्पती शिजवून बारीक केल्या, कानाच्या आकाराच्या पाऱ्यांत भरून उकडल्या आणि रश्शासह वाटल्या.

कथा हृद्य आहे खरी. परंतु मिरचीने घात केला! मिरची मूळची अमेरिकेची. आपल्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीजांनी उतरवली आणि चीनमध्ये तिची नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस आढळते. म्हणजे कथेचे हे रूप पुष्कळ नंतरचे. वैद्यबुवांनी दुसरे काही शिजवले नसेलच असे आम्ही म्हणत नाही. मात्र हाती लागणारा पुरावा निराळा आहे. शिनजियांगमध्ये तुर्फानजवळील अस्ताना येथील थांगकालीन (इ.स. ६१८ ते ९०७) थडग्यांत वाळलेले ज्याओझ सापडले. वाळवंटाच्या कोरड्या हवेने त्यांची घडीसुद्धा शाबूत ठेवली.

गहूदेखील परदेशीच. पश्चिम आशियातून तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये पोहोचला. पुढे हानकाळात फिरते जाते सर्वत्र पसरले, तेव्हा पिठाचे पदार्थ वाढले. दक्षिणेत भात पिकतो, म्हणून नववर्षाच्या ज्याओझची प्रथा मुख्यतः उत्तरेची.

कृती सोपी, पण घाईची नव्हे. गार पाण्यात घट्ट मळलेली कणीक अर्धा तास झाकून ठेवावी. चिनी कोबी बारीक चिरून, मीठ लावून घट्ट पिळावा. पाणी राहिले की पारी फुटते. त्यात डुकराचा खिमा, आले, कांद्याची पात व सोया सॉस घालून एकाच दिशेने ढवळावे. पारी मध्यभागी जाड व कडेला पातळ लाटावी, मुरडीच्या करंजीहून छोटी. पाण्याला उकळी आली की ज्याओझ सोडावेत आणि पुन्हा उकळी येताच थोडे गार पाणी ओतावे, असे तीनदा.

ही चैन सर्वकाळ नव्हती. १९५५ साली चीनमध्ये धान्याची कुपने सुरू झाली, ती १९९३ पर्यंत चालली. मांसही मोजून मिळे. त्या वर्षांत अनेक घरांतील गृहिणी पांढरे पीठ या एका रात्रीसाठी राखून ठेवीत. मध्यरात्रीचा प्रहर 'झ', वर्षांची अदलाबदल 'ज्याओ', म्हणून ज्याओझ, ही लोकव्युत्पत्ती त्या घरांना निश्चितच पटली असावी. भाषापंडित मात्र हे नाव 'शिंग' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात.

उरली चटणी. काळा शिरका, थोडा सोया सॉस, ठेचलेला लसूण आणि हवे तर मिरचीचे तेल. शान्शीचा शिरका ज्वारीचा, झेनजियांगचा चिकट तांदळाचा. बाराव्या महिन्याच्या अष्टमीस सोललेला लसूण शिरक्यात बुडवून बरणी बंद करतात. वर्षअखेरीस ती उघडली की पाकळ्या पाचूसारख्या हिरव्या झालेल्या असतात, आणि तोच शिरका बुडवण्यासाठी वाट्यांत ओततात.