गोळी स्वस्त झाली, पण ती द्यायची कोणाला? फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या जनुकीय चाचणीचा इतिहास

१/७
परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. कोल्हापूरचे कित्येक कर्करुग्ण महालक्ष्मी एक्स्प्रेसने तेथे जात आले. आज रुग्णाआधी अनेकदा त्याचा ‘ब्लॉक’ प्रवास करतो: मेणात बसवलेला, गाठीचा इवलासा तुकडा. तो कशासाठी?

२/७
२००३ साली अमेरिकेत जेफिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. काहींच्या गाठी झपाट्याने आटत. बहुतेकांना गुण येत नसे. २००४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना कारण उमगले. गुण येणाऱ्यांच्या गाठीतील ‘ईजीएफआर’ जनुकात विशिष्ट बदल झालेला होता. हा बदल आनुवंशिक नसून बहुधा गाठीतच उद्भवलेला असतो.

३/७
२००९ मध्ये आशियाई रुग्णांवरील ‘आयपास’ अभ्यास प्रसिद्ध झाला. बदल असलेल्या ७१.२ टक्के रुग्णांच्या गाठी या गोळीने आटल्या. बदल नसलेल्यांत हे प्रमाण अवघे १.१ टक्के होते. त्याच दुसऱ्या गटात केमोथेरपीने २३.५ टक्के रुग्णांना गुण आला. चाचणीविना गोळी देणे म्हणजे उपचाराचा मोलाचा काळ दवडणे, हे सिद्ध झाले.

४/७
भारतात २००७ साली या औषधाचा पेटंट अर्ज फेटाळला गेला. देशी कंपन्यांची गोळी स्वस्तात मिळू लागली. आता अडसर गोळीचा नव्हे, चाचणीचा होता.

५/७
२०१३ मध्ये टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी ९०७ भारतीय रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. ईजीएफआरमधील बदल २३ टक्क्यांत आढळला. म्हणजे चारांतील सुमारे तिघांसाठी ही गोळी नव्हतीच.

६/७
अचूकतेचे काय? १९७७ च्या सँगर पद्धतीत, बदललेला डीएनए नमुन्याच्या सुमारे पंचमांशाहून कमी असल्यास तो निसटू शकतो. पुढच्या पीसीआर पद्धती शेकडा एक इतका अंशही टिपू लागल्या. २०१६ मध्ये अमेरिकेत रक्तावरील चाचणीलाही मान्यता मिळाली. मात्र रक्तात बदल न सापडल्यास गाठीचा तुकडा तपासावाच लागतो.

७/७
पुढे एएलके, आरओएस१ अशा जनुकांवरही औषधे आली. एकेक चाचणी स्वस्त पडते, पण दर वेळी ब्लॉक झिजतो. तो संपला तर पुन्हा बायोप्सी. सर्व जनुके एकदम तपासणारी ‘एनजीएस’ चाचणी तुकडा वाचवते, पण एकरकमी मोठा खर्च मागते. कोल्हापूरच्या कुटुंबापुढे हा हिशेब उपचार सुरू होण्याआधीच उभा राहतो, आणि आजार तोवर थांबत नाही.